रुमालाची गाठ : कोल्हापुरातले चार दिवस

पहिला दिवस, शनिवार

नाशिकहून रात्रीची एसटी धरली की उजाडता उजाडता कोल्हापूर येतं. जानेवारीची थंडी होती. मामा मफलर गुंडाळून स्टँडवर उभे होते. वय ८१, तरी माझ्या हातातली पिशवी काढून घेतलीच. "आलीस व्हय? चल, मामीनं चहा टाकलाय." मामांचं घर शाहूपुरीत, स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर.

या खेपेला मी नुसती माहेरपणाला आले नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत मी ३२ वर्षं कारकुनी केली, त्यातली शेवटची ११ अभिलेख कक्षात. निवृत्त झाल्यावर मोडी शिकले. मग पांडवलेण्यांकडे नव्या नजरेनं बघायला लागले. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवली. त्यातली २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजानं, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च भागवायचा. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या माणसांचा संघ. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी आमच्या नाशिकजवळच्या गोवर्धनचे विणकर कायमच्या ठेवी सांभाळत होते!

पण माझं मन अडकलं ते पुढच्या ओळीत. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं तिथं कोरलेलं आहे. फलकावर नोंदवलं, म्हणजे कुणीतरी लिहिलं. तो लिहिणारा कोण, हे लेखात नाही. दात्याचं नाव आहे, श्रेणींचा उल्लेख आहे, सभा आहे. माझ्या जातकुळीचा तो माणूस तेवढा नाही.

माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, करवीर दरबारात कारकून होते. तेव्हा हा शोध कोल्हापुरातच घ्यायचा असं ठरवून आले.

चहा झाल्यावर मामा त्यांच्या जुन्या जगाबद्दल बोलायला लागले. त्यांनी गुळाच्या अडतीत, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या पेढीत, ४० वर्षं दिवाणजी म्हणून काम केलं. शाहूपुरी ही पेठच मुळी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली, राज्यावर आल्यावर वर्षभरातच. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ सालची. रेल्वे दारात आली तसा गुळाला बाहेरचा बाजार मिळाला, आणि बाजाराला पेठ लागली. गुजराती, मारवाडी, लिंगायत, मराठा, जैन, सगळ्या घरांनी इथं अडती घातल्या.

"आधी सौदा कसा व्हायचा ठावं हाय का?" मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली माझी बोटं धरली. तीन बोटं दाबली. मग पूर्ण पंजा. मग पुन्हा दोन बोटं. तोंडानं एक अक्षर नाही, नजर दुसरीकडे. "झाला भाव. ह्यो तुझा नि माझा. शेजारी बसलेल्याला कळणार न्हाई, आणि ज्याचा गूळ त्यालाबी न्हाई."

याला हत्ता म्हणत. मामा कामाला लागले तेव्हा ही रीत गेलेली होती, पण जुन्या तोलारांनी त्यांना ती अशीच टॉवेलाखाली शिकवली. बाजार समितीचा कायदा आला, उघड लिलाव आला, आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडू लागली : इतके रवे (गुळाच्या ढेपा), इतकं वजन, हा दर, इतकी हमाली, इतकी तोलाई. पट्टी लिहायचं काम दिवाणजीचं. मामा म्हणाले, "मी ४० वरसं पट्ट्या लिवल्या. एकाबी शेतकऱ्यानं माझी पट्टी फिरवून आणली न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मीही नोंदी लिहूनच पोट भरलं, मला त्यातलं वजन कळतं.

संध्याकाळी दसरा चौकात गेलो. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा, आजूबाजूला मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग. कोल्हापूरच्या पोरांना या इमारतींची इतकी सवय की 'बोर्डिंगच्या ग्राउंडवर भेटू' म्हणतात आणि पुढं जातात. मी मात्र तिथं बराच वेळ बसून राहिले.

महाराजांनी आधी, १८९६ साली, सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं होतं, राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी. ते हळूहळू एकाच जातीच्या मुलांनी भरलं. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम, १९०७ साली लिंगायत, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिंप्यांसाठी नामदेव बोर्डिंग. अशी वीसेक उभी राहिली. पद्धत अशी की त्या त्या समाजानं पुढं यायचं, वर्गणी जमवायची, कारभार बघायचा, आणि दरबारानं जागा, पैसा, उत्पन्न द्यायचं. जुन्या श्रेणीच्या अंगात नवीन जीव ओतला, असं मला वाटतं. धंद्याच्या जातीनं पूर्वी आपला माल, आपला भाव, आपला देव सांभाळला, आता तिनं आपली पोरं शिकवायला घेतली.

जातवार वसतिगृहं मला आधी खटकायची. आजही ती कायमची असावीत असं मी म्हणणार नाही. पण सर्वांसाठी उघडलेलं दार काही मोजक्यांनाच ओलांडता येत असेल, तर प्रत्येकाच्या गल्लीत एक दार काढणं हा त्या काळातला सरळ उपाय होता. आणि महाराज तिथं थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिन्याला १ रुपया दंड.

आमचे आजोबा भुदरगडकडच्या शिंप्याचे. १९२०च्या सुमारास नामदेव बोर्डिंगमध्ये राहिले, शिकले, दरबारात कारकून झाले. ते दार नसतं तर माझ्या हातात लेखणीऐवजी कात्री असती. कात्री वाईट नाही. पण निवड असायला हवी.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी टाउन हॉल. मेजर चार्ल्स मँट या इंजिनिअरनं बांधलेली १८७०च्या दशकातली इमारत, आता वस्तुसंग्रहालय. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू इथं आहेत. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ती सुप्रसिद्ध ब्राँझची मूर्ती तळहाताएवढीच, पण पंचगंगेच्या काठावरचा माल किती लांब जात होता याचा पुरावा म्हणून तेवढी पुरेशी आहे. समोरच सीपीआर रुग्णालय, ती इमारतही मँटचीच. रविवारमुळं बागेत मुलांची झुंबड होती, आम्ही लवकर निघालो.

महाद्वार रोडवर पाय ठेवला की कोल्हापूर खऱ्या अर्थानं सुरू होतं. अंबाबाईचं दर्शन घेतलं, गुजरीतून हिंडलो. मामी साजाच्या दुकानात रेंगाळल्या आणि मी पाटीवरची आडनावं वाचत राहिले. कुंभार गल्ली, तेली गल्ली, गुजरी ही गावाची जुनी हजेरीबुकं आहेत. मराठेशाहीत पेठेला शेटे आणि महाजन असत. दुकानांना जागा नेमून देणं, परगावच्या व्यापाऱ्याला बोलावून वसवणं, माप-वजनावर नजर ठेवणं, तंटा तोडणं ही त्यांची कामं. त्याबद्दल दुकानामागं ठरलेला हक्क. हे वतन बापाकडून मुलाकडे जाई.

त्याच्याही मागं जायचं तर इथल्या शिलाहार राजांपर्यंत जावं लागतं. शके १०५८, म्हणजे इ. स. ११३५च्या सुमाराचा कोल्हापूरचा एक शिलालेख आहे. गंडरादित्य राजाचा सामंत निंबदेव यानं इथल्या कवडेगोल्ल नावाच्या बाजारात पार्श्वनाथाचं मंदिर बांधलं. त्या मंदिरासाठी व्यापाऱ्यांच्या संघानं एकत्र जमून बाजारात येणाऱ्या मालातला ठरावीक वाटा लावून दिला. संघ होता वीर बणंजांचा, ज्यांना अय्यावोळेचे पाचशे म्हणत. अय्यावोळे म्हणजे आजचं ऐहोळे. तिथल्या मुळाचा संघ कोल्हापूर-मिरजेपर्यंत पसरलेला, आणि त्यात ठिकठिकाणचे व्यापारी. राजानं कर बसवला असं नाही. व्यापाऱ्यांनी स्वतःवर बसवून घेतला आणि दगडावर लिहून स्वतःला बांधून घेतलं. मी नगरपालिकेत करवसुलीच्या नोटिसा टाइप केल्यात, म्हणून मला या ओळी वाचताना फार आनंद होतो.

दुपारी चप्पल लाइनला गेलो. एका वयस्कर कारागिरानं मला स्टुलावर बसवलं आणि पुढ्यात तळ ठेवला. कातडं पाण्यात भिजवून ठोकलेलं, चारी बाजूंनी चामड्याच्याच वादीनं शिवलेलं. खिळा एकही नाही. आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, दातात धरून ओढायची. बाजूला त्यांच्या सूनबाई वेणी घालत होत्या. बोटं इतकी सरावलेली की आमच्याशी बोलताना खाली बघायचीही गरज नाही. मी कापशी घेतली. चालताना कर्र कर्र वाजते तीच.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले ४ जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले ४, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. हे नाव कुणा एका दुकानदाराचं नाही, तो धंदा करणाऱ्या सगळ्यांचं आहे. बागलकोट हे नाव वाचून मी थबकले. ऐहोळे आज त्याच जिल्ह्यात आहे. ९०० वर्षांपूर्वी ज्या पट्ट्यात व्यापारी एकत्र आले, जवळपास त्याच पट्ट्यातले कारागीर आज एका नावाखाली नोंदले गेले. मध्ये राज्यं आली-गेली, भाषेची सीमा आखली गेली, तिच्यावरून भांडणं झाली. कातडं कमावणाऱ्याचा आणि वेणी घालणाऱ्याचा नकाशा मात्र तोच राहिला.

कारागिराला मी हे सांगितलं. ते म्हणाले, "आमची सोयरीक आजबी तिकडंच हाय की, अथणीला."

रात्री मामींच्या हातचा तांबडा-पांढरा. त्याबद्दल काही लिहीत नाही, लिहायला बसले तर बाकीचं राहील.

तिसरा दिवस, सोमवार

आज पुराभिलेखागार. या दिवसासाठीच आले होते.

अर्ज आधीच दिला होता. मोठ्या टेबलावर एक रुमाल आणून ठेवला गेला. दप्तरखान्यात रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं बांधायचं चौकोनी कापड, आणि त्यात बांधलेल्या कागदांनाही रुमालच म्हणतात. तिथल्या कर्मचारीताईंनी गाठ सोडली. चार टोकं, त्यातली दोन आडवी बांधलेली, दोन उभी, आणि वरच्या गाठीचं एक टोक असं दुमडलेलं की ओढलं की सुटतं. "ताई, गाठ अशीच परत मारायची बरं का. गच्च मारली तर पुढचा माणूस कापडच फाडतो." ११ वर्षं अभिलेख कक्षात काढून मला ही गाठ येत नव्हती. आमच्याकडे सुतळी होती.

कागद उलगडला. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकावत जातो. बोरू न उचलता शब्दामागून शब्द. वाक्य कुठं संपलं ते आपण ओळखायचं. मी ज्या जागी बोट ठेवलं तिथं शाईवर अजून बारीक चमक होती. शाई टिपायला टाकलेल्या वाळूचा कण कागदात रुतून बसला होता. किती पावसाळे त्याच्यावरून गेले असतील. बोटाला तो टोचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

कागद होता गावच्या जमाखर्चाचा. मोठं काहीच नाही. दुसऱ्या पुडक्यात मात्र एका महजराची नक्कल होती. महजर म्हणजे दहा जणांच्या साक्षीनं झालेला निवाडा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी निशाणी केली होती. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. नखाएवढी चित्रं. तराजूची दांडी किंचित कललेली होती, आरशाला मूठ होती. त्या कागदावर त्या माणसांची ओळख म्हणजे त्यांचं हत्यार. गावाच्या न्यायाला सुताराची आणि न्हाव्याचीही साक्ष लागत होती, हे त्या चित्रांत अजून ताजं आहे.

पण त्या चित्रांभोवतीचा मजकूर एकाच माणसाच्या हातचा, कुळकर्ण्याचा. काय लिहिलंय ते तराजूवाल्याला वाचता येत नव्हतं. आणि कागद ठेवला जाई कुळकर्ण्याच्या घरी, माळ्यावर. गावाची जमीन, बाकी, हक्क, सगळं दप्तर एका घराच्या ताब्यात, पिढ्यान्‌पिढ्या. कितीतरी कुळकर्णी घरांनी ते दप्तर जिवापाड जपलं, म्हणून तर आज वाचायला कागद आहेत. पण चांगल्या घराच्या भरवशावर गावाचं दप्तर सोडणं ही व्यवस्था होऊ शकत नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली कुळकर्णी वतन मोडलं आणि पगारी तलाठी नेमले. मोठा विरोध झाला. इतिहासात याबद्दल जातीच्या अंगानं बरंच लिहिलं जातं, ते योग्यच आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट तितकीच मोठी वाटते : त्या दिवशी दप्तर घरातून कचेरीत आलं. अर्ज करून कुणालाही नक्कल मागता येण्याचा रस्ता तिथून सुरू होतो. मी आयुष्यभर खिडकीतून ज्या नकला दिल्या, त्या याच रस्त्यावरच्या.

याच विचारात २६ जुलै १९०२चा हुकूम आठवला. महाराज तेव्हा विलायतेत होते, एडवर्ड बादशहांच्या राज्याभिषेकासाठी गेलेले. मागं करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम निघाला : यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्या. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सर्व. १८९४ साली दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १९१२ साली ९५ पैकी ३५.

हा बदल कसा झाला असेल? त्या हुकुमात एक साधी ओळ आहे. प्रत्येक खातेप्रमुखानं केलेल्या नेमणुकांचं तक्ता-पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करावं. भाषणात ही ओळ कुणी म्हणत नाही. पण कचेरीत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की पत्रक मागितलं नाही तर हुकूम कपाटात पडून राहतो. तिमाही पत्रक आलं की साहेबाला रकाना भरावा लागतो, आणि रिकामा रकाना वर दिसतो. मी ज्या कचेरीत होते तिथं महिलांच्या तक्रारींबद्दल एक सुंदर परिपत्रक आलं होतं. त्याचा अहवाल कुणीच मागवला नाही. ७ वर्षं ते धारिकेत पहिल्या पानावर होतं, एकही नोंद मागं लागली नाही. ते मी टिपणी टाकून वर कळवायला हवं होतं. कळवलं नाही, ही बोच आहे.

आजोबांचा हात कुठं सापडेल म्हणून दुपारभर बघत होते. नाही सापडला. एवढ्या रुमालांत सापडणं शक्यही नव्हतं. संध्याकाळी करवीर नगर वाचन मंदिराच्या दारापर्यंत जाऊन आले. हे वाचनालय १८५० सालचं, कोल्हापूरची नगरपालिका १८५४ची. या गावाला नगरपालिकेच्या चार वर्षं आधी वाचनालय होतं. आत वर्तमानपत्राच्या टेबलाशी माणसं मान खाली घालून वाचत होती. पान उलटल्याचाच काय तो आवाज.

चौथा दिवस, मंगळवार

सकाळी मामा मार्केट यार्डात घेऊन गेले. गुळाच्या रव्यांच्या थप्प्या, हवेत उसाच्या काकवीचा वास. सौदा पुकारला जात होता, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, आणि एक तरुण दिवाणजी उभ्या उभ्या वहीत लिहीत होता. शेतकरी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. मामांनी त्याला नुसतं बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आकडा सात चांगला काढतोय. सातावरनं माणूस कळतो."

दुपारची गाडी होती. निघताना मामींनी गुळाचा छोटा रवा दिला. मामा आतल्या खोलीत गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक घडी घेऊन आले. खारव्याचं लाल कापड, धुऊन धुऊन विटकरी झालेलं, चारी कडांना हाताची दुमड घालून शिवलेलं. आजोबा दरबारात रुजू झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी, त्या भुदरगडच्या शिंप्यानं, स्वतःच्या हातानं शिवून दिलेला रुमाल. १९४९ साली संस्थान विलीन झालं, कचेरीचं नाव बदललं, टेबल बदललं. हा रुमाल आजोबांनी घरी आणून ठेवला. "त्यात सरकारी कागद कंदी बांधला न्हाई त्यांनी," मामा म्हणाले, "घरचं कापड घरी, सरकारचं सरकारकडं."

मी कडेवरून बोट फिरवलं. टाके इतके बारीक आणि सारखे की मशीनचे वाटावेत. एका कोपऱ्यात मात्र दोरा संपलेला, आणि नवा दोरा जोडून पुढं नेलेला दिसतो.

कराड गेल्यावर बसमध्ये ऊन उतरलं. मांडीवर तीन दिवसांच्या वह्या घेतल्या, मोडीच्या नकला घेतल्या, चपलेची पावती घेतली. सगळं रुमालात ठेवून दोन टोकं आडवी बांधली, दोन उभी. वरच्या गाठीचं टोक दुमडून ठेवलं, ओढलं की सुटेल असं.